मैत्रिणीचा एच-इंडेक्स २९, माझा ७

पत्राचा सारांश: मी गणितातल्या नंबर थिअरीत संशोधन करते. पीएचडीला १२ वर्षं झाली. आजवर १९ पेपर झाले. त्यातले गेल्या चार वर्षांत तीनच, कारण एकाच प्रश्नावर अडकले आहे. सायटेशन (म्हणजे इतर पेपरांत माझ्या पेपरांचे आलेले संदर्भ) सगळी मिळून १४०, एच-इंडेक्स ७. माझी जवळची मैत्रीण त्याच विद्यापीठात पेशीजीवशास्त्रात आहे. आम्ही एकाच वर्षी रुजू झालो. तिचे ७४ पेपर, ३८०० सायटेशन, एच-इंडेक्स २९. तिला गेल्या वर्षी बढती मिळाली. आता माझी वेळ आहे, सहा आठवड्यांत अर्ज द्यायचाय. सगळ्या विज्ञान विषयांसाठी समिती एकच आहे आणि अर्जात एच-इंडेक्सचा रकाना आहे. विभागप्रमुख म्हणाले, ‘आकडा फारच कमी दिसतो, काहीतरी करा.’ मैत्रीण म्हणते, ‘आमच्या पुढच्या चार-पाच पेपरवर तुझं नाव घालते. आकडेमोड तू एकदा नजरेखालून घाल, झालं. काय बिघडतंय?’ तिचा हेतू चांगला आहे हे मला माहीत आहे, पण झोप उडाली आहे. विषय बदलू का? नाव घालू देऊ का? की माझं कामच कमी पडलं हे मान्य करू?

उत्तर:

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. शेवटी तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत, पण मला वाटतं तुमची खरी काळजी वर कुठेतरी, जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यात आहे: चार वर्षं एकाच प्रश्नावर अडकल्याचं. त्याकडे मी नंतर येते. आधी आकड्यांचं पाहू, कारण अर्ज समोर आहे.

तुम्ही ७ आणि २९ शेजारी शेजारी मांडले आणि उरलेली रात्र त्यांच्यातल्या फरकाकडे बघत काढली. या दोन आकड्यांचं एकक एकच आहे, हे तुम्ही धरून चाललात. तसं ते नाही.

एच-इंडेक्स २००५ साली होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मांडला. ज्याच्या किमान सात पेपरना प्रत्येकी किमान सात सायटेशन आहेत, पण आठ पेपरना आठ नाहीत, त्याचा एच-इंडेक्स सात. व्याख्या इतकी साधी की कुणालाही तोंडपाठ व्हावी, आणि म्हणूनच ती सगळ्या अर्जांच्या रकान्यांत जाऊन बसली. पण हर्श यांनी त्याच पहिल्या लेखात उदाहरणं दिली होती. भौतिकशास्त्रात त्यांना सापडलेला सर्वांत मोठा आकडा एडवर्ड विटन यांचा, ११०. जीवविज्ञानात सॉलोमन स्नायडर यांचा, १९१. विटन हे फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, मिळालेले एकमेव भौतिकशास्त्रज्ञ. ते स्नायडर यांच्या जेमतेम निम्म्या तोलाचे आहेत, असं कुणाच्या मनातही येणार नाही. विषयाविषयांत आकडे वेगळे पडतात हे हर्श यांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं. रकाना छापणाऱ्यांनी तेवढा भाग वगळला.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्यासारख्या गणितीच्या नजरेतून सुटायला नको होती. ती सुटली, यावरूनच तुम्ही किती धास्तावल्या आहात ते कळतं. तुमचे पेपर १९ आहेत. म्हणजे तुमचा एच-इंडेक्स १९ च्या वर जाऊच शकत नाही. उद्या तुमच्या प्रत्येक पेपरने नंबर थिअरीचा चेहरामोहरा बदलला तरीही मैत्रिणीच्या २९ पर्यंत तुम्ही पोचणार नाही. जी शर्यत जिंकणं व्याख्येनेच अशक्य आहे, तिच्यात मागे राहिल्याचं दुःख तुम्ही करताय.

आता हा फरक येतो कुठून? बहुतेकांना वाटतं, जीवशास्त्र मोठं क्षेत्र, माणसं जास्त, म्हणून सायटेशन जास्त. हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. सायटेशन इंडेक्सची कल्पना १९५५ साली मांडणाऱ्या यूजीन गारफील्ड यांनी हा गैरसमज वारंवार खोडून काढला. क्षेत्र मोठं असेल तर उद्धृत करणारे जास्त, हे खरं. पण ज्यांना उद्धृत करायचं ते पेपरही तितकेच जास्त. मागणी वाढली तसे वाटेकरीही वाढले. मोठ्या क्षेत्रात शिखरावरचे आकडे उंच जातात, सरासरी त्यामुळे वाढत नाही. सरासरी ठरते ती एका पेपराच्या शेवटी किती संदर्भ देण्याची रीत आहे, यावरून. पेशीजीवशास्त्राच्या पेपराला पन्नास-साठ संदर्भ असणं नेहमीचं आहे. तुमच्या विषयातले किती तरी पेपर वीस-पंचवीस संदर्भांत आटोपतात. प्रत्येक संदर्भ म्हणजे कुणाच्या तरी खात्यात जमा होणारं एक सायटेशन. जिथे वाटपच कमी, तिथे खाती हलकी राहणार.

दुसरा भाग काळाचा. जीववैद्यकात पेपर आला की वर्ष-दोन वर्षांत त्याचा वापर होतो, मग नवी पद्धत येते आणि तो मागे पडतो. गणितात चाळीस वर्षांपूर्वीचं प्रमेय आजही जसंच्या तसं उभं असतं, आणि लोक तेच उद्धृत करतात. जर्नलांचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा, मागच्या दोन वर्षांतल्या पेपरांवरून काढतात. तुमच्या विषयात पेपर रिव्ह्यूअरकडून परत यायलाच कधी कधी एवढा वेळ जातो. त्या खिडकीतून गणिताचं घर दिसतच नाही.

तिसरा भाग सहलेखकांचा, आणि इथे मला थोडं थांबायचंय. आठ जणांनी मिळून लिहिलेल्या पेपरला शंभर सायटेशन मिळाली, तर आठही जणांच्या खात्यात शंभर-शंभर जमा होतात. भागाकार कुणी करत नाही. समजा, तुमच्या मैत्रिणीच्या पेपरांवर सरासरी आठ नावं आहेत आणि तुमच्या पेपरांवर दोन. ७४ भागिले ८ म्हणजे सव्वानऊ. १९ भागिले २ म्हणजे साडेनऊ. एवढ्या एका भागाकारात तुम्ही दोघी बरोबरीला आलात. हा भागाकार अंतिम न्याय आहे असं मी म्हणत नाही. प्रयोगशाळेचं काम अनेक हातांशिवाय होत नाही, आणि आठव्या हाताची किंमत एक अष्टमांशच असते असंही नाही. मैत्रिणीचं श्रेय कमी करण्यासाठी हे हिशेब वापरू नका. पण २९ हा आकडा भागाकार न करता आलेला आहे, एवढं लक्षात असू द्या. हे टोकाला गेलं की काय होतं तेही पाहून ठेवा. २०१५ साली हिग्स बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावर आलेल्या एका पेपराला ५१५४ लेखक होते. ३३ पानांपैकी २४ पानं नुसती नावं आणि संस्था. त्या प्रत्येकाच्या खात्यात पेपर पुरा एक.

तर मग दोन विषयांची तुलना करताच येत नाही का? येते, पण आधी भागावं लागतं. पेपराच्या सायटेशनना त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या पेपरांच्या सरासरीने भागायचं. समजा, तुमच्या पेपरला १२ सायटेशन आहेत आणि त्या वर्षीच्या नंबर थिअरीच्या पेपरांची सरासरी ६ आहे, उत्तर २. मैत्रिणीच्या पेपरला ५० आहेत आणि तिच्याकडची सरासरी ४०, उत्तर सव्वा. १२ हा आकडा ५० पेक्षा मोठा ठरला. २००८ साली रादिक्की, फोर्तुनातो आणि कास्तेल्लानो या संशोधकांनी हे पडताळलं होतं. अगदी वेगवेगळ्या विषयांचे आकडे त्या-त्या विषयाच्या सरासरीने भागले की सगळ्यांचे आलेख बऱ्याच अंशी एकाच वक्रावर येऊन बसतात. स्कोपस या संशोधनाच्या डेटाबेसमध्ये फील्ड-वेटेड सायटेशन इम्पॅक्ट या नावाने मिळणारा आकडा याच जातीचा. त्यात जगाची सरासरी १ धरलेली असते.

हा आकडा काढा, पण त्याच्यावर सगळा भार टाकू नका. १९ पेपर ही फार लहान संख्या आहे. त्यातला एखादा पेपर गाजला की सरासरी उडी मारते. सायटेशनचं वाटप मुळातच कमालीचं विषम असतं. पेर सेग्लेन या संशोधकाने दाखवलं होतं की जर्नलातले सर्वाधिक उद्धृत १५ टक्के पेपर निम्मी सायटेशन घेऊन जातात. अशा ठिकाणी सरासरीपेक्षा टक्केवारीतलं स्थान जास्त विश्वासाचं: माझ्या १९ पैकी किती पेपर त्या-त्या वर्षीच्या नंबर थिअरीत वरच्या १० टक्क्यांत किंवा वरच्या चौथ्या हिश्श्यात येतात? हे वाक्य समितीतल्या रसायनशास्त्रज्ञालाही कळतं.

अलीकडे अर्जांसोबत आणखी एक गोष्ट जोडलेली दिसते, ‘जगातले वरचे दोन टक्के शास्त्रज्ञ’. स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी २०१९ पासून ही यादी काढतात. तिची रचना चांगली आहे. नुसती सायटेशन न मोजता सहलेखकांच्या संख्येचा आणि लेखकांच्या क्रमातल्या स्थानाचाही विचार होतो, स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन वगळूनही क्रमांक पाहता येतो, आणि विज्ञानाचे २२ विषय व १७० हून अधिक उपविषय वेगळे ठेवलेले आहेत. त्यात नाव असेल तर उपविषयातला क्रमांक सांगा. एकूण क्रमांक सांगू नका. आणि तो पुरस्कार आहे असं भासवू नका, कारण तो पुरस्कार नाही. त्यात पहिल्या लेखकाला वेगळं वजन आहे. तुमच्या विषयात मात्र नावं आडनावांच्या वर्णक्रमाने येतात आणि पहिलं नाव म्हणजे पहिलं योगदान असं काही नसतं. नाव नसेल, तर त्यावरून काही सिद्ध होत नाही.

गणिताच्या बाबतीत तर आकड्यांची राखण करणाऱ्यांनीच एकदा हात टेकले. ‘सर्वाधिक उद्धृत संशोधक’ अशी यादी दरवर्षी काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने २०२३ च्या यादीतून गणित हा विषयच वगळला. कारण उघड होतं. जिथे सरासरी इतकी खाली, तिथे थोड्या लोकांनी ठरवून एकमेकांना उद्धृत केलं तरी नाव शिखरावर जातं. विभागप्रमुखांच्या ‘काहीतरी करा’चा शेवट काही जणांनी कुठे केला, ते यातून दिसतं.

यावरून मैत्रिणीच्या प्रस्तावाकडे येते. तुम्ही तिला वाईट ठरवलं नाहीत, हे मला आवडलं. तिच्या जगात पेपरवर आठ नावं असणं स्वाभाविक आहे, नववं घालताना हात अडखळत नाही, आणि हे नववं नाव तर तिच्या लाडक्या माणसाचं आहे. तरीही माझं उत्तर ‘नको’ असं आहे.

वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती लेखक कुणाला म्हणावं याच्या चार अटी घालते: कामात भरीव वाटा असावा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सक दुरुस्तीत सहभाग असावा, अंतिम मसुद्याला संमती असावी, आणि संपूर्ण कामाची जबाबदारी घेण्याची तयारी असावी. चारही लागतात, त्यातली एखादी पुरत नाही. आकडेमोड नजरेखालून घालणं आभाराच्या ओळीत बसतं, लेखकांच्या ओळीत नाही. चौथी अट तर तुमच्या झोपेशी थेट जोडलेली आहे. तीन वर्षांनी त्या पेपरातल्या एखाद्या छायाचित्रावर कुणी शंका घेतली, पेपर मागे घ्यायची वेळ आली, तर त्या सूचनेत तुमचंही नाव असेल. तो प्रयोग कसा झाला हे तुम्हाला माहीतही नसेल. शिवाय तुम्ही संख्याशास्त्रज्ञ नाही. नंबर थिअरीवाल्या व्यक्तीला सगळीच आकडेमोड येते हा बाहेरच्यांचा समज आहे. तुम्ही नजरेखालून घातलं म्हणून ते तपासलं गेलं, असं धरून चालणं त्या पेपरालाही धोक्याचं.

व्यवहार म्हणूनही हे जमणार नाही. सहा आठवड्यांत तो पेपर छापून, वाचला जाऊन, उद्धृत होऊन तुमचा ७ हलणार नाही. आणि पुढे हलला, तर मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येईल: ‘या पेपरात तुम्ही नेमकं काय केलंत?’ तुमच्या १९ पेपरांबद्दल या प्रश्नाचं उत्तर तुम्ही अर्धा तास देऊ शकता. तिथे दोन वाक्यांत गप्प व्हाल. त्या गप्प होण्याची सावली मग बाकीच्या १९ वरही पडते.

मैत्रिणीला हे कसं सांगायचं, याने तुम्ही जास्त अवघडल्या असाल. मी असते तर म्हणाले असते, ‘तू हे माझ्यासाठी करतेयस हे मला कळतं. पण ज्या पेपरात माझं काम नाही तिथे नाव नको. माझं काम लागेल असा एखादा प्रश्न तुझ्याकडे असेल, तर तो मला सांग, मी मनापासून बसेन.’ दुसरा भाग नुसता सौजन्य म्हणून बोलू नका. खरंच विचारा. पेशींच्या वंशावळी, वाढीची प्रारूपं, जाळ्यांची रचना, यांत खरं गणित लागतं. मात्र त्याला तिची भाषा शिकण्यात एक-दोन वर्षं घालवावी लागतील, आणि ती कुतूहलाने घालवायची असतात, रकान्यासाठी नाही. विषय बदलण्याबद्दल माझं म्हणणं यातच आलं. ओढीने बदलणारे लोक टिकलेले मी पाहिले आहेत. भीतीने बदललेले दोन्हीकडे उपरे राहिले.

इथे माझी एक गोष्ट सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका निवड समितीवर मी होते. ५० च्या वर अर्ज होते आणि वेळ एक दिवस. मी सगळ्यांचा एच-इंडेक्स एका रकान्यात भरला, यादी मोठ्याकडून लहानाकडे लावली आणि वरच्या दहांवर चर्चा करू, असं सुचवलं. सगळे हो म्हणाले. जेवणानंतर समितीतल्या एका वयस्कर सदस्याने विचारलं, ‘या दहांपैकी कुणाचा एक तरी पेपर इथे कुणी वाचलाय का?’ कुणीच वाचला नव्हता. मी त्या दिवशी यादी बदलली नाही. खालच्या चाळीसमध्ये एक भूमितीवाली होती, तिचं नाव मला आजही आठवतं आणि तिला बोलावलं नाही याचं वाईट वाटतं. हे सांगते, कारण समितीतले लोक दुष्ट नसतात. ते थकलेले असतात, दुसऱ्याचा विषय त्यांना कळत नाही, आणि तसं कबूल करायला संकोच वाटतो. आकडा त्यांना त्या संकोचातून सोडवतो. तुमचं काम आहे त्यांना दुसरा, सोपा आणि खरा मार्ग देण्याचं.

तो मार्ग म्हणजे एक पानाची टीप. ‘माझी प्रकाशनं कशी वाचावीत’ असं काहीसं तिचं शीर्षक ठेवा आणि रकान्यातला ७ न लपवता तिथेच द्या. आपल्या विषयात लेखकांची नावं वर्णक्रमाने येतात, एका पेपरवर साधारण किती लेखक असतात, संदर्भांची यादी केवढी असते, सायटेशन यायला किती वर्षं लागतात, हे चार-पाच ओळींत लिहा. मग टक्केवारीतली स्थानं. आणि मग, पानाचा मोठा भाग, तुमच्या तीन पेपरांवर: प्रश्न काय होता, तुम्ही काय सिद्ध केलं, पुढे कुणी त्याचं काय केलं. तुमची १४० सायटेशन एकेक उघडून वाचा. हे काम दोन संध्याकाळींचं आहे. मैत्रिणीला ३८०० सायटेशन वाचणं शक्य नाही. तुम्हाला आहे, आणि हा तुमचा फायदा आहे. त्यातली बरीचशी ‘हेही पाहा’ अशी निघतील. पण काही ठिकाणी कुणीतरी तुमच्या लेमावर (साहाय्यक प्रमेयावर) आपल्या प्रमेयाचा पाया घातलेला असेल. अशी चार उदाहरणं नेमक्या शब्दांत लिहिलीत, तर रकान्यातल्या आकड्याहून ती जास्त बोलतील.

टीपेला टेकू म्हणून दोन दस्तऐवज वापरा. २०१५ चा लायडन जाहीरनामा, ज्याच्या दहा तत्त्वांपैकी सहावं तत्त्व हेच सांगतं की विषयाविषयांतल्या प्रकाशनाच्या आणि उद्धरणाच्या रीतींतला फरक लक्षात घ्या. आणि आंतरराष्ट्रीय गणित संघाने इतर दोन संघटनांसोबत २००८ साली काढलेला सायटेशनच्या आकडेवारीवरचा अहवाल. तुमच्या विद्यापीठाने डोरावर, म्हणजे २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत आकाराला आलेल्या संशोधन मूल्यमापनाच्या घोषणापत्रावर, सही केली आहे का तेही पाहा. केली असेल तर जर्नलाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाचं काम तोलायचं नाही, असा शब्द संस्थेने दिलेला आहे. नम्रपणे त्याची आठवण करून देता येते. विभागप्रमुखांना लेखी विचारा की निकष विषयवार आहेत का. काही ठिकाणी किमान आकड्याची अट नियमातच असते. तशी असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं, कारण मग टीप पुरणार नाही, सगळ्या विभागाने मिळून नियम बदलून घ्यावा लागेल, आणि त्याला सहा आठवडे पुरत नाहीत.

आणि सगळ्यात आधी, अगदी या आठवड्यात, तुमची नोंद बरोबर आहे का ते तपासा. तुम्ही आडनाव बदललं असेल किंवा कधी पूर्ण नाव, कधी आद्याक्षरं वापरली असतील, तर डेटाबेसात तुमच्या दोन-तीन व्यक्ती झालेल्या असू शकतात. आर्काइव्ह या संकेतस्थळावरचा छपाईआधीचा मसुदा आणि छापील पेपर यांची सायटेशनही वेगवेगळी पडलेली असतात. ऑर्किड, म्हणजे संशोधकाची ओळख पटवणारा क्रमांक, घ्या, प्रोफाइल एकत्र करून घ्या. गूगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे तिघंही वेगवेगळे आकडे दाखवतील, कारण तिघांच्या जाळ्यांची भोकं वेगळी आहेत. कुठला आकडा कुठून घेतला आणि कुठल्या तारखेला, ते लिहा. कधीही एकाचा आकडा एका ठिकाणाहून आणि दुसऱ्याचा दुसरीकडून घेऊन तुलना करू नका.

हे सदर वाचणाऱ्या इतरांपैकी कुणी संगणकशास्त्रातले असतील, त्यांचे चांगले पेपर परिषदांत येतात, जर्नलांत नाही. कुणी इतिहासात असतील, त्यांचं आयुष्यभराचं काम दोन पुस्तकांत असेल आणि डेटाबेसांना पुस्तकं नीट दिसत नाहीत. तुमची टीप वेगळी असेल, पण ती लागेलच.

आता ते वाक्य. चार वर्षं एका प्रश्नावर.

तुलना करायचीच असेल तर योग्य माणसांशी करा. तुमच्याच उपविषयात, तुमच्या आगेमागे एक-दोन वर्षांत पीएचडी झालेले दहा जण निवडा. गाजलेले तेवढेच निवडू नका. त्यांची प्रकाशनं समोर ठेवा. तुम्ही त्यांच्यात मधोमध किंवा वर असाल, तर ‘माझं काम कमी पडलं’ हा तिसरा प्रश्न तिथेच मिटला. खाली असाल, तर तेही पाहण्याचं धैर्य ठेवा. ते खरं दुखणं असेल आणि त्यावर उपाय करता येतो. मैत्रिणीच्या २९ वर कुठलाच उपाय नाही.

मला वाटतं, तुम्हाला आकड्याइतकीच त्या अडलेल्या प्रश्नाची भीती वाटते आहे. तुमच्याच क्षेत्रातल्या यीटांग झांग यांचं उदाहरण तुम्हाला कुणीतरी नक्की दिलं असेल. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पेपर, पन्नाशी उलटलेली, आणि २०१३ मध्ये मूळ संख्यांमधल्या अंतरांवर असा निकाल की सारं गणितविश्व चकित झालं. ती गोष्ट खरी आहे आणि सुंदर आहे, पण ती मी तुम्हाला दिलासा म्हणून देणार नाही. लांब चाललेल्या बहुतेक शोधांचा शेवट तसा होत नाही. त्याऐवजी मी विचारेन: या चार वर्षांत हाती काय आलं? विशेष बाबतीत सिद्ध झालेलं विधान, एखादी नवी पद्धत, एखादा मार्ग का बंद आहे याचा पुरावा? यातलं जे स्वतःच्या पायावर उभं राहील, ते लिहून काढा. एका निष्कर्षाचे तुकडे करून चार पेपर करण्याबद्दल मी बोलत नाहीये. वहीत पडून असलेलं पूर्ण काम बाहेर काढण्याबद्दल बोलतेय. आणि ज्यांना तो प्रश्न कळतो अशा एखाद्या जाणत्या माणसाला जिथे अडलंय ती जागा दाखवा. तुमच्या पत्रात अशा कुणाचाही उल्लेख नाही, त्याने मला काळजी वाटली. चार वर्षं एकटीने त्या प्रश्नासमोर बसणं फार होतं. आणखी किती काळ द्यायचा ते त्या माणसाशी बोलून ठरवा, बढतीच्या तारखेवरून नाही.

एच-इंडेक्सचं जनकत्व ज्यांच्याकडे जातं त्या हर्श यांनी २०२० साली स्वतःच लिहिलं की या मापाचे अनपेक्षित आणि गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात. टीपेत ती ओळ घालायचा मोह होईल. घालू नका. समितीसमोर मापाची तक्रार मांडायला तुमच्याकडे एकच पान आहे, आणि ते पान तुमच्या प्रमेयांचं आहे.

टीप लिहून झाली की ती आधी मैत्रिणीला वाचायला द्या. तिला तुमची मदत करायचीच आहे, तर ही करू दे. ती हुशार आहे, तुमच्या बाजूची आहे, आणि तिला नंबर थिअरीतलं काही येत नाही. ती ज्या ज्या ओळीवर थांबून ‘म्हणजे काय गं?’ म्हणेल, त्या ओळीवर पेन्सिलीने खूण करा आणि ती पुन्हा लिहा.